लाकडी टो विमानात पुन्हा पुन्हा ओल येते? आधी निचरा बघा

युरोपात कुठल्याही ग्लायडिंग क्लबात असाल, तर तुमचं टो विमान (बिनइंजिनाच्या ग्लायडरला दोराने ओढून वर नेणारं) रोबिन डीआर ४००/१८० आर असण्याची बरीच शक्यता आहे. आमच्याकडे जर्मनीत सगळे त्याला नुसतं 'रेमो' म्हणतात. लाकडाचं विमान, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, शेपटाखाली हुक. आमच्या क्लबच्या रेमोत गेल्या नऊ वर्षांत चार वेळा ओल धरली आणि चारही वेळा ती शोधायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दोन वेळा मी चुकीच्या जागी शोधत बसलो. तुमचे ते दोन हिवाळे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

- कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक छत) उघडल्या उघडल्या कुबट वास येतो. कोकणात श्रावणात भिजलेलं गोणपाट कोपऱ्यात पडून राहिलं की येतो, अगदी तसा.
- मागच्या सीटखालचं कार्पेट हाताला गार लागतं. सकाळी काचा आतून धुकटलेल्या असतात.
- पाऊस थांबून दोन दिवस झाले, तरी शेपूट खाली दाबलं किंवा पंख हलवला की पंखाच्या मागच्या कडेतून थेंब पडतात.
- पंखाच्या खालच्या बाजूला निचऱ्याच्या भोकाभोवती तपकिरी ओघळ दिसतो.
- प्लायवुडवरच्या रंगाला बारीक फोड येतात, किंवा सरळ रेषेत चीर जाते. चीर सरळ असेल तर ती बहुधा खालच्या सांध्यावरून गेलेली असते.
- कापड एका जागी सैल पडलेलं, शेजारी मात्र ताणलेलं.
- वजन केल्यावर विमान मागच्या वेळेपेक्षा जड भरतं आणि गुरुत्वमध्य मागे सरकलेला निघतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर बाकीचं वाचत बसू नका. विमान उभं करा आणि थेट 'कुठे थांबायचं' या भागाकडे जा. धडाच्या टोकाला, गुरुत्वमध्यापासून चार मीटर मागे, नुसतं तीन लिटर पाणी साचलं तरी ६०० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे २ सेंटिमीटर मागे जातो.

हे विमान असं का वागतं

पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसलो, तेव्हा आम्हाला विंचने (जमिनीवरच्या, दोर झपाट्याने गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर फेकलं होतं. विमानाने ग्लायडर ओढतात हे ऐकून माहीत होतं, पण ते विमान लाकडाचं असू शकतं हे इथे आल्यावर कळलं. मग त्यामागचं कारणही कळलं. एएसके २१ सारखं दोन माणसांचं ग्लायडर ६०० किलोपर्यंत जातं. ते मागे बांधून चढायचं तर ओढणाऱ्याने स्वतः हलकं असायला हवं, आणि लाकूड हलकं असतं. शिवाय दिवसातून तीस-तीस वेळा ताण येतो आणि सुटतो, तोही लाकूड मुकाट्याने सोसतं. जोडेल विमानांचे रचनाकार जाँ देलेमोंतेझ आणि पिएर रोबिन यांनी फ्रान्समध्ये दिजाँजवळच्या दारवा इथे हा घाट घडवला. डीआर ४०० पहिल्यांदा उडालं १९७२ मध्ये. धड प्लायवुडचं, पंखात पेटीसारखा एकच मोठा स्पार (पंखाची मुख्य आडवी तुळई), पंखाची पुढची कड प्लायवुडची आणि मागचा भाग कापडाने मढवलेला.

ओलीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे पंखाचा आकार. मधला भाग सपाट आणि बाहेरचे तुकडे १४ अंशांनी वर उचललेले. म्हणजे बाहेरच्या तुकड्यात शिरलेलं पाणी टोकाकडून आत वाहत येतं आणि पंख जिथे मोडलाय त्या कोपऱ्यात थांबतं. पाणी शिरतं एकीकडे आणि ओल दिसते भलतीकडे. माझे पहिले दोन हिवाळे याच गोष्टीने खाल्ले. जिथे ओल होती तिथेच मी पाणी शिरायची वाट शोधत होतो.

आता माझा नियम एकच आहे: पाणी आत कसं आलं हे नंतर, ते बाहेर का गेलं नाही हे आधी. थोडं पाणी प्रत्येक विमानात शिरतं. दवाचं शिरतं, ओल्या गवतावरून उडालेलं शिरतं. ते तासाभरात निघून गेलं तर लाकडाला काही होत नाही. कोपऱ्यात आठवडाभर राहिलं तर होतं. बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, आणि साचलेल्या कोपऱ्यातलं लाकूड तिथपर्यंत पोचतं.

१. नाक आणि हात (पाच मिनिटं, खर्च शून्य)

कॅनोपी उघडा, आत डोकं घाला आणि वास घ्या. मग सामान ठेवायच्या जागेतून धडाच्या मागच्या भागाकडे तोंड करून पुन्हा घ्या. दोन्हीकडचा वास वेगळा असेल तर शोधायची दिशा मिळाली. कार्पेट उचला आणि खालच्या प्लायवुडवर तळहात सपाट ठेवा. बोटांच्या टोकांपेक्षा तळहाताला गारवा लवकर कळतो.

हे काम शनिवारी सकाळी, विमान बाहेर काढायच्या आधी करायचं. दुपारपर्यंत ऊन आणि प्रॉपेलरचा वारा वास घालवतात, आणि मग संध्याकाळी सगळे म्हणतात, काही नाहीये.

उंदराच्या लेंड्या दिसतात का तेही बघा. उंदराचं मूत लाकूड आणि सरस दोन्ही खातं, आणि त्याच्या घरट्यातला कापूस-गवत निचरा बंद करतं. हिवाळ्यात हँगरात उंदीर येतातच.

२. विमान कुठे उभं असतं (दहा मिनिटं)

हँगरचं छप्पर बघा. आमची चौथी ओल विमानातून आलीच नव्हती. पत्र्याच्या एका स्क्रूतून थेंब गळत होता आणि बरोबर कॅनोपीच्या मागच्या कडेवर पडत होता. विमान दोन मीटर डावीकडे लावलं आणि ओल थांबली. जमिनीवर, थेट विमानाखाली, वाळलेल्या थेंबांचे गोल डाग शोधा.

विमानावर टाकायचं झाकण प्लास्टिकचं असेल तर ते आजच काढा. थंडीच्या रात्रींनंतर एकदम दमट, उबदार दिवस आला की गार विमानावर दव धरतं. प्लास्टिकखाली ते अडकून राहतं. सुती किंवा हवा खेळेल असं कापडच वापरा. ओलं विमान तर कधीच झाकायचं नाही, आधी पुसायचं. संध्याकाळी सगळे बिअरकडे वळलेले असतात, तरी दोघांना थांबवून विमान पुसून घ्या.

३. निचऱ्याची भोकं (अर्धा तास, एक टूथपिक)

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून जरा थांबून लिहितो.

आधी देखभालीच्या पुस्तकातून भोकं किती आणि कुठे आहेत ते काढा आणि पंखाचं साधं चित्र काढून त्यावर आकडे घाला. मग जमिनीवर चटई टाकून पाठीवर झोपा आणि एकेक मोजा. डावीकडे जितकी, तितकीच उजवीकडे मिळायला हवीत.

तिसऱ्या वेळी मी असा झोपलो होतो. कागदावर डावीकडे आणि उजवीकडे भोकं सारखी होती, डोळ्यांना मात्र उजवीकडे तीन कमी दिसत होती. टॉर्च तिरका धरला तेव्हा पांढऱ्या रंगाखाली तीन बारीक गोल उमटले, कपाळावरच्या देवीच्या व्रणासारखे. दोन वर्षांपूर्वी पंख रंगवून घेतला होता आणि रंगवणाऱ्याने भोकं झाकून ठेवली नव्हती. टूथपिकने रंगाचा पापुद्रा हळूच फोडला. पहिल्या भोकातून काही आलं नाही. दुसऱ्यातून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि माझ्या बाहीत शिरलं. मोजून पाऊण कप भरलं. दोन हिवाळे मी ज्या पाण्याचा उगम कॅनोपीत शोधत होतो, ते इथे बसलेलं होतं.

तेव्हा रंगकामानंतर भोकं मोजल्याशिवाय विमान ताब्यात घेऊ नका.

दुसरं कारण माती. कुंभारीण माशी आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत घर करते, तशाच इथल्या माश्याही असलं भोक सोडत नाहीत. तिसरं, गवत. टो विमान दिवसभर गवतावर उतरतं आणि प्रॉपेलर ओलं, कापलेलं गवत खालून मारत राहतो.

भोक साफ करायला लाकडी टूथपिक किंवा मासे पकडायची जाड नायलॉन दोरी घ्या. खिळा, ड्रिल, तार काही नको. आत कापड आहे, प्लायवुड आहे, कदाचित कंट्रोलची केबलही आहे. ड्रिलने भोक मोठं झालं की त्याच्या कडेचं उघडं लाकूडच पाणी पिऊ लागतं. दाबाची हवा मारू नका, घाण आणखी आत जाते.

भोक उघडल्यावर पंख हलवा, शेपूट खाली-वर करा. पाणी आलं तर ते वाटीत धरा. किती आलं आणि कुठल्या रंगाचं, ते लिहून ठेवा. स्वच्छ पाणी बहुधा ताजं असतं. तपकिरी पाणी म्हणजे लाकूड बराच काळ भिजत होतं.

४. कॅनोपी आणि वरचे सांधे (दोन माणसं, एक तांब्या, फळ्यावरचा खडू)

निचरा सुरू झाल्यावरच हे करा, नाहीतर तपासायला ओतलेलं पाणीच आत साचेल.

या विमानाची कॅनोपी पुढे सरकते, म्हणून तिच्या कडेचं रबर सतत घासतं. विद्यार्थी बदलले, पायलट बदलले की दर वेळी ती पुढे-मागे होते. टोच्या दिवशी हे किती वेळा होतं ते तुम्ही मोजा. आतून रबराच्या खाली खडू घासून पांढरा पट्टा काढा. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून तांब्याने बारीक धार सोडायची, खालून सुरुवात करून वर जायचं. खडूवर ओली रेघ उमटली की जागा सापडली. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काही कळत नाही.

पाइपने किंवा दाबाच्या यंत्राने पाणी मारू नका. पावसात न शिरणारं पाणीही त्या दाबाने शिरतं, आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसता.

अँटेनाचा तळ, पंख आणि धडाच्या सांध्यावरची पट्टी, इंधनाच्या टोपणाभोवतीची जागा हे सगळं याच पद्धतीने होतं. रबर बदलणं स्वस्त आहे. निर्मात्याचंच घ्या. दुकानातल्या दाराच्या रबराची जाडी वेगळी पडते आणि कॅनोपी नीट अडकत नाही.

५. पोट आणि हुकाभोवतीची जागा

साध्या क्लबच्या विमानात हे इतकं बघावं लागत नाही, टो विमानात लागतं. चाकांच्या मागचा पंखाचा भाग आणि फ्लॅपच्या पुढच्या कडा खड्यांनी टोचलेल्या असतात. हुकाजवळ दोराची रिंग दर वेळी अडकवताना, सोडताना रंगावर आपटते. आमच्याकडे हुकाच्या डाव्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा रंग उडाला होता. खाली प्लायवुडचा वरचा थर करडा पडला होता आणि कडेने केसासारखे तंतू उभे राहिले होते. धडाच्या शेपटातली ओल तिथून येत होती.

तंतू कोरडे आणि टणक असतील, तर तंत्रज्ञाला दाखवून रंगाचा थर परत देता येतो. नखाने दाबल्यावर खड्डा राहिला तर तिथे हात लावू नका. सगळ्या ग्लायडरची ओढ त्या हुकाच्या आधारातून धडात जाते.

पोटावरचं इंजिनचं तेल दर आठवड्याला पुसा. लाकडात तेल मुरलं की पुढे दुरुस्तीच्या वेळी तिथे सरस धरत नाही.

६. वाजवून बघणं आणि ओलीचं मीटर

माठ विकत घेताना आई तो टिचकीने वाजवून बघायची. इथेही तेच. नाण्याच्या कडेने हलकेच, दर दोन सेंटिमीटरवर, प्लायवुडवरून जा. धडधाकट सांधा टणक वाजतो. सुटलेला सांधा किंवा मऊ लाकूड बद्द वाजतं. एका बाजूचा आवाज ऐकला की लगेच दुसऱ्या बाजूची तीच जागा वाजवा. रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीवर) आवाज बदलणारच. तो दोन्ही बाजूंना सारखा बदलतो का, हा खरा प्रश्न आहे.

मीटर सुया नसलेलं घ्या. सुया रंग फोडतात आणि तुम्हीच पाण्याला नवी वाट करून देता. या मीटरला आतला स्क्रू किंवा धातूची पट्टी लागली की आकडा उगाच वर जातो, म्हणून एका आकड्यावरून घाबरू नका. ठरलेल्या वीस जागा, दर महिन्याला, तारीख आणि हँगरचं तापमान घालून वहीत लिहा. आमच्याकडे कोरड्या जागा १० ते १३ टक्के दाखवतात. एखादी जागा तिच्या जोडीदार जागेपेक्षा तीन टक्क्यांनी वर गेली की मी पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरू करतो. २० दाखवलं तर विमान थांबतं.

७. झडपा उघडून आत बघणं

तपासणीच्या झडपा उघडायची परवानगी तुमच्या क्लबात कोणाला आहे ते आधी विचारा. आरसा, टॉर्च आणि जमलं तर कॅमेऱ्याची नळी घ्या. काळसर डाग, पांढरे धागे, गंजलेल्या स्क्रूभोवतीची निळसर-काळी कडा आणि सरसाच्या रेषेतली फट हे शोधायचं. ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ धातूची पट्टी) सांध्यात शिरली तर सांधा सुटलेला आहे. पट्टी ढकलू नका, नुसती टेकवून बघा.

धडात मागे मुख्य इंधन टाकी आहे हे विसरू नका. साधा बल्ब, हीटर, केस वाळवायचं यंत्र यांपैकी काहीही आत न्यायचं नाही.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काही सापडलं, की त्याच दिवशी विमानावर 'उडवू नये' अशी पाटी लावा, लॉगबुकात नोंद करा आणि लाकडी रचनेची नोंद ज्याच्या परवान्यावर आहे अशा तंत्रज्ञाला बोलवा. नुसता विमान तंत्रज्ञ पुरत नाही. आयुष्यभर धातूच्या विमानांवर काम केलेल्या माणसाला बद्द आवाज ओळखता येईलच असं नाही.

- अंगठ्याने दाबलं की लाकूड दबतं.
- स्पारजवळ, हुकाच्या आधाराजवळ किंवा बिजागरीजवळ बद्द आवाज, डाग किंवा फट.
- कुठेही २० टक्के किंवा वर.
- शेपटाच्या आडव्या पंखात पाणी. तो अख्खाच्या अख्खा हलतो आणि त्याचा तोल वजनाने साधलेला असतो. त्याच्या मागच्या कडेत थोडंसं पाणी जरी अडकलं तरी तोल बिघडतो आणि वेगात तो फडफडायला लागू शकतो. ते पाणी काढून टाकलंत तरी तोल मोजल्याशिवाय उडायचं नाही.
- वजन वाढलंय आणि कारण सापडत नाही.

सीझनमधला शनिवार असेल, दहा ग्लायडर रांगेत असतील आणि कोणीतरी म्हणेल, आजचा दिवस काढू. त्या वेळी पाटी काढू देऊ नका. दोराच्या दुसऱ्या टोकालाही माणसं बसलेली असतात.

तंत्रज्ञ येईपर्यंत काय करायचं नाही, तेही सांगतो, कारण यातलं एक मी स्वतः केलं होतं. सुटलेल्या सांध्यात सुईने सरस भरू नका. ओल्या, मळक्या लाकडाला तो धरत नाही, वरून मात्र सगळं ठीक दिसतं आणि नंतर तंत्रज्ञाला खरी फट सापडत नाही. मी पहिल्या हिवाळ्यात भरला होता. पुढच्या वर्षी तो भाग आणखी एक हात उघडावा लागला. फोडावर पुट्टी लावू नका. कापड कापू नका. आणि विमान उन्हात किंवा हीटरसमोर वाळवू नका. आषाढात फुगून चौकटीत अडकणारं दार दिवाळीपर्यंत आपोआप सैल होतं, पण तेच दार शेगडीपुढे ठेवलं तर चिरतं. वरचा थर झपाट्याने आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मधला सरस तुटतो. झडपा उघड्या ठेवा, कॅनोपी दोन बोटं उघडी ठेवून जाळी लावा आणि हँगरात वारा खेळू द्या. पूर्ण वाळायला आठवडे लागतात.

दुरुस्तीनंतर

पहिले दोन महिने मीटरच्या नोंदी दर आठवड्याला घ्या, दुरुस्त केलेल्या जागेभोवतीच्या चार जागा धरून. पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी चटई घेऊन पुन्हा पंखाखाली झोपा. आमच्या उजव्या पंखातलं ते दुसरं भोक अजून दर पावसानंतर चार-पाच थेंब सोडतं. तपकिरी नाही, स्वच्छ. शेजारचं रीडिंग १२.